गाडी एकदा तापल्यानंतर अडखळत सुरू होते आणि इंजिनातून आवाज येतो : तपासणी कोणत्या क्रमाने करावी

ठाण्यात गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करताना ही तक्रार दर उन्हाळ्यात ठरलेल्या रूपात समोर येते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावर, मुंब्रा बायपासला किंवा शिळफाट्याच्या कोंडीत एसी चालू असताना गाडी तापते, टेम्परेचरचा काटा वर चढतो किंवा लाल दिवा लागतो, चालक गाडी कडेला घेतो, थोड्या वेळाने पाणी ओततो आणि घरी पोहोचतो. त्या दिवशी सर्व ठीक वाटते. पुढच्या आठवड्याभरात मात्र गाडी सकाळी अडखळत सुरू होऊ लागते, थरथरते, कधी टिकटिक तर कधी खडखड ऐकू येते, आणि मग प्लग बदला, इंजेक्टर साफ करून घ्या, पेट्रोल भेसळीचे असेल, अशा सल्ल्यांवर पैसे खर्च होऊ लागतात.

माझे सांगणे एवढेच आहे की, गाडी तापल्यानंतर उद्भवलेल्या तक्रारीत पहिला प्रश्न प्लगचा किंवा इंजेक्टरचा नसून पाण्याचा असतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत आहे का आणि होत असेल तर ते कुठे जात आहे, याचे उत्तर मिळेपर्यंत एकही महागडा सुटा भाग विकत घेऊ नये. खालील क्रम पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या तीन किंवा चार सिलिंडरच्या लहान गाड्यांसाठी आहे. डिझेल गाडीत ठिणगी देणारे प्लग आणि त्यांना वीज पुरवणारी कॉइल यांचा भाग लागू होत नाही, बाकीचा कूलंटसंबंधीचा सर्व भाग तसाच लागू होतो.

आधी लक्षणे वेगळी करावीत

"गाडी नीट सुरू होत नाही" या एका वाक्याखाली निरनिराळे बिघाड येतात, आणि ते वेगळे करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्रास नेमका केव्हा होतो हे दोन-तीन दिवस लिहून ठेवणे.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्यांदा सुरू होताना एका सिलिंडरने मिसिंग मारते (म्हणजे त्या सिलिंडरमधील इंधन पेट घेत नाही), सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि अर्ध्या-एक मिनिटात इंजिन सुरळीत होते, हे या तक्रारीतील सर्वांत बोलके लक्षण आहे. इंजिन बंद केल्यावर कूलंटच्या मार्गांत काही काळ दाब टिकून राहतो, आणि हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावरचे हेड यांमधील सील) एखाद्या ठिकाणी सुटलेले असेल तर तो दाब थोडेसे कूलंट सिलिंडरमध्ये ढकलतो. सकाळी त्या सिलिंडरमधील प्लग ओला असतो, ठिणगी नीट पडत नाही, आणि पाणी वाफ होऊन निघून जाईपर्यंत ते सिलिंडर काम करत नाही. दिवसभर गाडी चांगली चालत असल्यामुळे लोक या लक्षणाकडे दुर्लक्ष करतात. मिसिंग जास्त असो वा कमी, मी या लक्षणाला नेहमीच गंभीर मानतो.

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, परंतु गरम असताना पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा सुरू करताना बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, असे असेल तर रोख बहुधा टेम्परेचर सेन्सर, क्रँक सेन्सर (इंजिनचे फिरणे मोजणारा) किंवा कमकुवत बॅटरीकडे असतो. थंड असो वा गरम, मिसिंग सतत राहत असेल तर कॉइल, प्लग, फाटलेली व्हॅक्युम नळी किंवा कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी झालेले सिलिंडर यांपैकी काहीतरी असते.

गाडी पेट्रोलवर सुरळीत आणि गॅसवर मात्र झटके देत चालत असेल, तर ते स्वतंत्र प्रकरण आहे. सीएनजीचा रेग्युलेटर उच्च दाबाचा गॅस कमी दाबावर आणतो, त्या वेळी गॅस एकदम थंड होतो, आणि रेग्युलेटर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचे गरम कूलंट फिरवलेले असते. कूलंट कमी झाले किंवा त्या पातळ नळ्यांत हवा अडकली की रेग्युलेटर थंड पडतो, कधी त्यावर बाहेरून दवही दिसते, आणि गाडी गॅसवर झटके देते. म्हणून तापलेल्या सीएनजी गाडीची तक्रार आली की मी आधी गॅस बंद करून ती केवळ पेट्रोलवर चालवून पाहतो. त्रास नाहीसा झाला तर गॅस किटवाल्याकडे जाण्याआधी, इंजिन थंड झाल्यावर रेडिएटर उघडून पाहावा.

आवाज कोणता आहे

आवाजांचा विचार थोडा सविस्तर करावा लागेल, कारण गाडी चालवणे थांबवायचे की नाही हे बऱ्याचदा आवाजच ठरवतो. मोबाइलवर थंड इंजिनचा आणि गरम इंजिनचा आवाज वेगवेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवावा. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत इंजिन गरम होते आणि सकाळचा आवाज मेकॅनिकला ऐकूच येत नाही, ही रोजची अडचण त्यामुळे टळते.

इंजिनच्या वरच्या भागातून येणारी हलकी, जलद टिकटिक बहुधा टॅपेटची, म्हणजे वॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची असते. तापलेले ऑइल पातळ होते, त्याची पातळी कमी असेल तर हायड्रॉलिक टॅपेटपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. ऑइलची पातळी पूर्ण केल्यावर किंवा ऑइल बदलल्यावर हा आवाज अनेकदा जातो. सुरू केल्यावर येणारी आणि गरम झाल्यावर बंद होणारी फटफट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून असू शकते. धातू प्रसरण पावल्यावर फट मिटते, म्हणून ती थांबते. चढावर रेस दिल्यावर येणारी बारीक खडखड म्हणजे नॉकिंग. सिलिंडर अजूनही प्रमाणापेक्षा जास्त गरम होत असल्याची ती खूण असते, आणि ती ऐकू आल्यावर गिअर खाली घेऊन रेस कमी केली पाहिजे. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येत असेल तर हीटरच्या नळ्यांत हवा शिरली आहे, म्हणजेच कूलंट कमी झाले आहे. पट्ट्याच्या बाजूने किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर पट्ट्यावर कूलंट उडाले आहे किंवा वॉटर पंपाचे बेअरिंग जात आले आहे.

काही आवाज निरुपद्रवी निघतात. अति उष्णतेने फॅनभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण किंचित वाकते आणि पाते त्याला घासू लागते. इंजिन बंद करून, चावी काढून, फॅन हाताने फिरवून पाहिल्यास हे लगेच कळते. एक्झॉस्टवरील पातळ पत्र्याचा बोल्ट निघालेला असला तरी इंजिन फुटल्याची शंका यावी एवढा आवाज होतो.

दोन आवाज मात्र भीतिदायक आहेत. थंड असताना ठकठक आणि गरम झाल्यावर कमी होणारा, सिलिंडरच्या उंचीवरून येणारा आवाज पिस्टनचा असू शकतो. तापल्यावर पिस्टन फुगून सिलिंडरच्या भिंतीला घासला गेला की त्यांतील अंतर वाढते आणि असा आवाज कायमचा राहतो. इंजिनच्या तळातून येणारा, रेस दिल्यावर वाढणारा जड, खोल ठोका कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असतो. तो ऐकू आला तर पुढची कोणतीही तपासणी करू नये, इंजिन बंद करावे आणि गाडी टो करून न्यावी.

हात लावण्यापूर्वी

गरम इंजिनचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे कूलंट १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊनही द्रवरूपातच राहते, आणि झाकण सुटताच दाब उतरून त्याची एका क्षणात वाफ होते. चेहरा आणि हात भाजण्याचे प्रकार यातूनच होतात. पुढील सर्व तपासण्या रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर कराव्यात, कारण पातळीचा खरा अंदाजही तेव्हाच येतो.

सेल्फ मारला, इंजिन अर्धा फेरा फिरले आणि धप्प करून अडले, तर दुसऱ्यांदा सेल्फ मारू नये. बॅटरी उतरलेली असेल तर दिवे मंदावतात आणि सेल्फ मलूल फिरतो. परंतु बॅटरी चांगली असून इंजिन अडत असेल तर सिलिंडरमध्ये कूलंट साचलेले असू शकते. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे जोर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून किंवा धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्न येथे इंजिन घालवतो. सर्व प्लग काढून, हलक्या हाताने इंजिन फिरवून पाणी बाहेर काढणे हे मेकॅनिकचे काम आहे.

पाण्याचा हिशेब

पहिली तपासणी फुकटची आहे. थंड इंजिनवर रेडिएटरचे झाकण उघडून कूलंट तोंडापर्यंत आहे का ते पाहावे. केवळ पांढऱ्या रिझर्व्ह बाटलीकडे पाहून समाधान मानू नये. बाटली 'फुल' आणि रेडिएटर मात्र रिकामा, हे दृश्य मी सातत्याने पाहतो. गाडी गरम झाल्यावर कूलंट प्रसरण पावून बाटलीत जाते, आणि थंड होताना झाकणातील छोट्या उलट वॉल्व्हमधून ते परत ओढले जाते. झाकणाचे रबर गेलेले असेल किंवा बाटलीची नळी तडकलेली असेल तर रेडिएटर कूलंटऐवजी हवा ओढतो, बाटली भरलेली राहते आणि इंजिन हळूहळू कोरडे पडते. ज्या गाड्यांना रेडिएटरवर झाकण नसून बाटलीच दाबाखाली असते, तेथे बाटलीतील पातळी विश्वासार्ह मानता येते.

पातळी पूर्ण करून बाटलीवर मार्करने रेघ मारावी आणि तारीख लिहावी. गाडी उभी करतो त्या जागी रात्री एक मोठा स्वच्छ पुठ्ठा पसरावा. सकाळी पुठ्ठ्यावर रंगीत, किंचित चिकट डाग असेल तर गळती बाहेरची आहे, आणि डागाच्या जागेवरून होज पाइप, वॉटर पंप की रेडिएटर हे शोधता येते. एसीचे पाणी रंगहीन असते आणि चिकट नसते, त्यामुळे दोन्हींची गल्लत होऊ नये. पुढच्या प्रवाशाच्या पायाखालची चटई ओली आणि काचेवर आतून चिकट धूसर थर, असे असेल तर हीटरच्या कोअरमधून (डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून) गळत आहे. पुठ्ठा कोरडा, चटई कोरडी आणि तरीही रेघेपासून पातळी रोज खाली जात असेल, तर कूलंट इंजिनच्या आत जात आहे, असा निष्कर्ष काढायला बऱ्यापैकी आधार मिळतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करताना सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे. त्यातील एथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

येथे पाण्याविषयीही लिहिले पाहिजे. घोडबंदर रस्त्यावरील, तसेच नवी मुंबईच्या कडेच्या अनेक सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते, आणि तेच गाडीत ओतले जाते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार गरम धातूवर थर धरतात, रेडिएटरच्या अरुंद नळ्या बुजतात, आणि पुढच्या चढावर गाडी पुन्हा तापते. रस्त्यात अडचण आली असता कोणतेही स्वच्छ पाणी चालेल, मात्र इंजिन पुरेसे थंड झाल्यावरच; तापलेल्या हेडवर गार पाणी पडल्यास त्याला तडा जाऊ शकतो. नंतर ते पाणी काढून, आतून धुऊन, तयार मिश्रणाचे कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवलेले कूलंट भरावे. निम्मे-निम्मे मिश्रण साध्या दाबावरही सुमारे १०७ अंशांना उकळते, शिवाय त्यातील द्रव्ये ॲल्युमिनियमला गंजू देत नाहीत. रंग सारखा आहे म्हणून दोन प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत, कारण रंग हे प्रमाण नसते.

ऑइल, झाकण, बॅटरी, फॅन

डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची सळई) काढून स्वच्छ कपड्यावर पुसावी. ऑइल दुधाळ, फिकट तपकिरी दिसत असेल तर त्यात कूलंट मिसळले आहे, आणि तसे ऑइल बेअरिंगना वंगण देऊ शकत नाही. त्यानंतर गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नये. परंतु केवळ ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली म्हणून घाबरू नये. पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढ्याच छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत हवेतील ओलावा तेथे साचतो. अशा वेळी डिपस्टिकचा पुरावा ग्राह्य धरावा. ऑइल काळे आणि जळकट वासाचे असेल तर किलोमीटर पूर्ण झालेले नसले तरी फिल्टरसह बदलावे, कारण एकदा अति तापलेल्या ऑइलचे गुण कमी झालेले असतात.

रेडिएटरचे झाकण हा या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब आहे. याच दाबामुळे कूलंटचा उत्कलनबिंदू सुमारे वीस अंशांनी वर जातो. रबर कडक झाले असेल, त्यावर चर पडली असेल किंवा स्प्रिंग सैल असेल, तर त्याच आकड्याचे नवे झाकण घ्यावे. जास्त दाबाचे घेऊ नये, कारण जुने होज पाइप तो सोसत नाहीत. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा होऊन आत ओढलेला दिसला, तर झाकणाचा उलट वॉल्व्ह बहुधा अडकला आहे असे समजावे.

बॅटरीने रात्रभर विश्रांतीनंतर १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवले पाहिजेत आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. कोंडीत फॅन आणि एसी सतत चालल्याने आणि बॉनेटखालच्या उष्णतेने आधीच जुनी असलेली बॅटरी नेमकी याच सुमारास दगा देते, म्हणून हे आधी तपासून बाजूला करावे. खाडीजवळच्या खारट हवेत टर्मिनल आणि अर्थिंगची जागा पांढरी-हिरवी पडते, तीही घासून घ्यावी.

फॅनसाठी गाडी उभी ठेवून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात फॅन सुरू झाला पाहिजे. न झाल्यास फ्यूज आणि रिले पाहावेत. मूळ तापण्याचे कारण फॅन असेल आणि तो तसाच राहिला, तर पुढची सर्व दुरुस्ती वाया जाते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला

"मुंबईच्या हवेत थर्मोस्टॅटची गरज नाही, काढून टाकतो, गाडी पुन्हा तापणार नाही," असे सांगणारे ठाण्यापासून पनवेलपर्यंत सर्वत्र भेटतात, आणि त्याच्या जोडीला फॅनही थेट वायर टाकून कायम चालू ठेवला जातो. मी याला ठाम विरोध करतो. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा रेडिएटरकडे जाणारा मार्ग उघडबंद करणारा वॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडतो आणि तोपर्यंत इंजिनला लवकर गरम होऊ देतो. तो काढला की इंजिन योग्य तापमानावर उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही, कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतो, ऑइलमधील ओलावा उडून जात नाही, आणि अनेक सीएनजी गाड्या गॅसवर वेळेत जातच नाहीत. म्हणजे तापलेल्या गाडीची तक्रार दाबण्यासाठी केलेला उपाय अडखळत सुरू होण्याची दुसरी तक्रार निर्माण करतो. तुमच्या गाडीवर आधी असे काम झाले आहे का, हे जुन्या मेकॅनिकला विचारून घ्यावे. झाले असेल तर निदानाला तेथूनच सुरुवात करावी लागते, कारण तोपर्यंत सेन्सरचे आकडे फसवे असतात.

स्कॅनर, प्लग आणि कॉइल

मोबाइलला जोडता येणारा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधील दोषांचे कोड वाचणारा) फार महाग नसतो, आणि कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये तो असतोच. पी-०३०१ ते पी-०३०४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे मिसिंग दाखवतात, पी-०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरते मर्यादित नाही. पी-०११७ आणि पी-०११८ टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटसंबंधी आहेत, पी-०१२८ आला तर कूलंट अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही, म्हणजे संशय थर्मोस्टॅटवर. कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो घ्यावा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनचे कूलंट तापमान साधारण बाहेरच्या हवेइतके दिसायला हवे. सकाळी स्क्रीनवर ७० अंश दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली आहे. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नसेल, तर तो वाफेचे किंवा हवेचे तापमान दाखवतो, त्यामुळे तो बदलण्याआधी पातळी आणि अडकलेली हवा यांची खात्री करावी.

त्यानंतर प्लग. कोड ज्या सिलिंडरचा असेल त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. कोडही तिच्यासोबत सरकला तर कॉइल खराब, जागेवरच राहिला तर कॉइल निर्दोष. हा अदलाबदलीचा प्रयोग फुकट आहे आणि तो न करता चारही कॉइल बदलणे हा अपव्यय आहे.

प्लग थंड इंजिनवरच काढावेत, कारण ॲल्युमिनियमच्या गरम हेडमधील चुड्या (आटे) ओरबाडल्या जातात. काढताना सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर ओळीने मांडावेत. चांगल्या चालणाऱ्या सिलिंडरचा प्लग फिकट बदामी असतो. ऐरोलीहून आलेल्या एका सीएनजी गाडीचे प्लग मांडले तेव्हा तीन प्लग सारख्याच बदामी रंगाचे होते आणि तिसऱ्या सिलिंडरचा मात्र नवा वाटावा इतका स्वच्छ होता, चिनीमाती पांढरीशुभ्र आणि टोकाशी कूलंटच्या हिरवट रंगाची एक बारीक कड. ज्याने तो प्लग आधी पाहिला होता त्याने तो "सर्वांत चांगला प्लग" म्हणून परत बसवला होता. वास्तविक सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याची वाफ त्याला रोज धुऊन काढत होती. चार प्लगांत एकच प्लग अतिस्वच्छ दिसला तर तो संशयित मानावा.

गॅस्केटची खात्री

गॅस्केट उडाले असे म्हणण्याआधी तीन गोष्टी करता येतात, आणि त्यांपैकी पहिली घरीही होते. थंड इंजिन सुरू करून एका मिनिटाच्या आत रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून पाहावा. कूलंट अजून थंड असताना पाइप दगडासारखा कडक झाला असेल, तर तो दाब उष्णतेचा नसून सिलिंडरमधील जळालेल्या वायूचा आहे. पट्टा आणि फॅनपासून हात आणि बाह्या दूर ठेवाव्यात.

दुसरी तपासणी रसायनाची. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी ठेवून तेथील हवा निळ्या द्रवातून ओढली जाते, आणि पेट्रोल इंजिनचा जळालेला वायू मिसळलेला असेल तर द्रव पिवळा होतो. द्रव निळाच राहिला तर बारीक फटीची शक्यता संपत नाही, परंतु पिवळा झाला तर वाद उरत नाही. तिसरी तपासणी प्रेशर टेस्टची. थंड इंजिनवर हातपंपाने झाकणावरील आकड्याएवढा दाब देऊन गाडी तशीच ठेवतात. दाब उतरला आणि बाहेर कोठेही थेंब नसेल तर प्लग काढून कोणते सिलिंडर ओले झाले ते छोट्या कॅमेऱ्याने पाहतात.

कॉम्प्रेशन टेस्ट याच्या पुढची पायरी आहे. सर्व प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. सर्वांत जास्त आकड्यापेक्षा एखादा आकडा १० ते १५ टक्क्यांहून अधिक कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये दोष आहे. शेजारशेजारचे दोन आकडे एकदम पडलेले असतील तर त्या दोघांमधील गॅस्केटची पट्टी जळालेली असते.

येथे थांबावे

स्वतःचे काम येथे संपते. हेड उघडण्याचे काम घरी, अंगणात किंवा "एका दिवसात करून देतो" म्हणणाऱ्या ठिकाणी करू नये. त्याआधीही, तळातून जड ठोका, ऑइलचा लाल दिवा, दुधाळ डिपस्टिक, अडलेला सेल्फ किंवा लुकलुकणारा चेक इंजिनचा दिवा, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी सोडून टो बोलवावा. दिवा लुकलुकणे म्हणजे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन त्या भागालाच जाळत आहे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

रेडिएटरमध्ये गळती बंद करणारे द्रावण टाकण्याचा मोह टाळावा. हेड गॅस्केटचा दोष त्याने क्वचितच टिकाऊ बरा होतो, उलट रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजतात आणि पुढच्या मेकॅनिकचे काम वाढते.

हेड काढणाऱ्या मेकॅनिकला काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि ज्या इंजिनांचा ब्लॉक बिडाचा आहे तेथे हेड ब्लॉकच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून तापल्यावर ते वाकते. अनेक लहान पेट्रोल इंजिनांत हेड वाकण्याची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाच्या जाडीच्या निम्मी असते. ती डोळ्यांनी दिसत नाही. पोलादी सरळपट्टी आणि फीलर गेजने (बारीक फट मोजणाऱ्या पात्यांनी) ती मोजून तुम्हाला आकडा दाखवला पाहिजे. फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) करण्याआधी मशीन शॉपमध्ये हेडची प्रेशर टेस्ट व्हावी, कारण तडा गेलेल्या हेडवर फेसिंग आणि नवे गॅस्केट बसवले तर महिन्याभरात तीच गाडी त्याच तक्रारीसह परत येते. ब्लॉकचा पृष्ठभागही मोजला पाहिजे. अनेक इंजिनांचे हेड बोल्ट कसताना ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात, तेथे नवे बोल्ट बिलात असावेत आणि ते कंपनीच्या क्रमाने टॉर्क रेंचनेच कसावेत. जुने गॅस्केट मागून घ्यावे. ते जेथे जळाले आहे ती काळी पडलेली रेघ आणि ओल्या प्लगचा सिलिंडर एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर निदान अपुरे आहे.

काम झाल्यावर ऑइल आणि फिल्टर नवे, कूलंट नवे, आणि हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो उघडून हवा पूर्ण काढलेली असावी. नाहीतर अडकलेल्या हवेमुळे गाडी पहिल्याच चढावर तापते. पहिले काही दिवस रोज सकाळी थंड इंजिनवर मार्करची रेघ पाहावी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत उरलेली हवा निघून पातळी थोडी उतरू शकते, तेवढी भरावी. त्यानंतरही ती उतरत राहिली तर गाडी त्याच गॅरेजमध्ये परत न्यावी. पातळी स्थिर असून मिसिंग मात्र राहिले, तर दोष कूलंटमध्ये उरलेला नाही, आणि तपासणी पुन्हा कॉइल, व्हॅक्युम नळ्या आणि क्रँक सेन्सरपासून सुरू करावी.